पाटावरचा लॅपटॉप

प्राप्तीला हाडं पाठ होती. एएनएमच्या नर्सिंग कोर्सच्या दोन वर्षांत शिकलेलं बाकी पुष्कळ विसरायला झालं होतं, पण हाडं राहिली, कारण ती रोज उपयोगी पडत. प्रज्योतचा हात वर गेला की आपण कसं वळायचं हे तिचं ठरलेलं असे. डावा खांदा पुढे, हनुवटी आत, कोपर बरगड्यांना चिकटलेलं. फटका मांसावर बसला तर चार दिवस निळं राहतं आणि जातं. हाडावर बसला तर पेणला जाऊन एक्स-रेचा फोटो काढावा लागतो, आणि फोटो काढणारा विचारतो, कशानं लागलं बाई? सात वर्षांत असा फोटो एकदाच काढावा लागला होता. तेव्हा ती पाठमोरी भाकऱ्या थापत होती आणि स्टूल मागून आलं. मागून आलं तर काय वळणार?

मार काही तिला नवा नव्हता. तिचं माहेर खाडीपलीकडचं, मिठागरावर राबणाऱ्यांचं. बाप फावड्याचा दांडा वापरी. आई त्याच दांड्याचा राग पोरांवर काढी, पोरं कुत्र्यावर. ज्याच्या खाली कुणी होतं तो सुखी, एवढं साधं गणित. प्राप्ती सगळ्यांत धाकटी, तिच्या खाली फक्त कुत्रा होता, आणि तिला कुत्रा आवडायचा. म्हणून ती शिकली, असं ती पुढे थट्टेनं सांगायची.

अलिबागला ट्रेनिंगला असताना एकदा एक बाई आली होती, कानातलं नवऱ्यानं ओढल्यामुळे कानाची पाळी उभी फाटलेली. सिस्टर टाके घालत होत्या आणि प्राप्ती ट्रे धरून उभी होती. बाई हसत होती. "भांडीबिंडी न्हाय फोडली हां त्यानं," म्हणाली, "तसा गुणाचा हाय." प्राप्तीनं तेव्हा मनाशी म्हटलं होतं, एवढं मूर्ख बाईमाणसानं असू नये.

दोन वर्षांनी तिचं लग्न झालं. प्रज्योत देखणा होता, दोन डंपरांचा मालक, मोकळं हसणारा. बघायला आला तेव्हा म्हणाला, "नोकरी कर की. मी कशाला नको बोलू?" लग्नाच्या पंधराव्या दिवशी त्याच्या मित्रांसमोर ती त्याच्या एका फजितीला हसली. मित्र गेल्यावर त्यानं दार लावलं. नोकरीचा विषय त्या दारामागेच संपला.

घरात मारणारे दोन होते. प्रज्योत बोलत बोलत मारी, प्रत्येक फटक्याचं कारण सांगे. त्याची आई सोनूबाई मात्र एक अक्षर बोलत नसे. तिचे तळवे चाळीस वर्षं मिठात राबून फळीसारखे झाले होते. चहात साखर जास्त पडली की फळी बसे आणि सोनूबाई पुढच्या कामाला लागे, जसा डासच मारला. तिच्या स्वतःच्या सासूनं तिला तापलेल्या चिमट्यानं डागलं होतं. दंडावरचे दोन पांढरे पट्टे ती पोलक्याची बाही वर करून बायकांना दाखवायची. त्यात तक्रार नसे, मिरवणं असे. सासरा बुधाजी कुणावर हात टाकत नव्हता. आत आवाज सुरू झाला की तो उठायचा आणि अंगणात जाऊन डंपरची टायरं बघायचा.

शिवानी झाल्यावर प्राप्तीनं पडवीत फॉर्म भरून द्यायचं सेंटर काढलं. सातबारा, रेशन, शिष्यवृत्ती, परीक्षांचे अर्ज. बायको घरातच राहते आणि वर गावात नाव होतं, म्हणून प्रज्योतनं ते चालू दिलं. सुरुवातीला एक सेकंडहँड कॉम्प्युटर होता, डब्यासारखा, घरघर करणारा. पहिली दोन वर्षं त्यानं निमूट काम केलं. मग एकेक साइट त्याला नाकारायला लागली. आधी पानाच्या डोक्यावर पिवळी पट्टी यायची, की तुमचा ब्राउझर जुना झाला आहे, लवकर बदला. पट्टीच्या कोपऱ्यात फुली असायची, ती दाबली की काम पुढे सरकायचं. नंतर पट्टीच्या जागी अख्खं पांढरं पान यायला लागलं. मधोमध एक त्रिकोण आणि खाली एक ओळ: आपला ब्राउझर सपोर्टेड नाही. त्याला फुली नसायची. नवा ब्राउझर घालायला गेलं तर तो म्हणे, मी या जुन्या मशीनवर बसत नाही.

शेजारच्या आवडाबाई रेशनसाठी आल्या होत्या तेव्हा त्यांनी ते पान बघितलं.

"काय बोलतो गो त्यो?"

"बोलतो, तू म्हातारा झालास. दारातनंच परत जा."

"मग माझ्या सुनेनंच लिवलं असल."

हसून झाल्यावर प्राप्तीनं आवडाबाईंना हात जोडून परत पाठवलं. अशी रोज चारदोन माणसं परत जायला लागली तेव्हा तिनं लॅपटॉप घेतला आणि डब्बा माळ्यावर टाकला.

आणि इथेच तिनं एक चूक केली, जी दुसऱ्या कुठल्या गावात चूक ठरली नसती.

या घरात खंडेनवमी फार कडक. नवमीच्या सकाळी कामाचं प्रत्येक हत्यार धुऊन पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू, अक्षता वाहायच्या, आणि मग दसरा उलटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्यार त्या दिवशी निजलेलं असतं, निजलेल्याला उठवलं तर ते घरातलंच माणूस मागतं. आवडाबाईंच्या नवऱ्यानं एका नवमीला पाटावरचा पान्हा उचलला होता. त्याच वर्षी तो टेम्पोसकट पुलाखाली गेला. पान्ह्याचा आणि पुलाचा संबंध गावात कुणी तपासत बसलं नाही.

लॅपटॉप घेतला त्या वर्षी सोनूबाई त्याच्याकडे संशयानं बघत होती. तिला खूश करावं म्हणून प्राप्तीनं स्वतःच नवमीला तो पाटावर नेऊन ठेवला. "ह्यो पण आपलं हत्यारच हाय, आई." सोनूबाईनं पहिल्यांदा तिच्याकडे जरा बऱ्या नजरेनं बघितलं होतं. तेव्हापासून दर नवमीला लॅपटॉप कोयत्याशेजारी बसे, आणि गिऱ्हाईक आलं तर प्राप्तीच सांगे, आज मशीन पूजेला आहे, परवा या.

यंदा भाद्रपदात आरोग्यसेविकांची भरती निघाली. किती वर्षांनी निघाली आणि पुन्हा कधी निघेल, कुणी सांगू शकत नव्हतं. प्राप्तीनं जाहिरात दुसऱ्याच एका मुलीचा अर्ज भरता भरता वाचली. पगाराच्या ओळीवर तिची नजर ठरली नाही. ती ठरली खालच्या ओळीवर: उपकेंद्राच्या ठिकाणी निवासाची सोय.

आठवड्यापूर्वी शिवानीच्या हातून प्रज्योतचा ग्लास सांडला होता. पोर सहा वर्षांची. त्यानं तिच्या कानाखाली मारली. पहिल्यांदाच. शिवानी रडली नाही. तिला उभ्या उभ्या लघवी झाली आणि आईकडे न बघता ती फडकं आणायला गेली. सहा वर्षांच्या पोरीला आपलं आपण पुसायचं हे कुणी शिकवलं नव्हतं, तिनं ते बघून उचललं होतं. प्राप्तीनं तिचा कान बॅटरीनं तपासला. पडदा शाबूत होता. तेव्हा तिनं ठरवलं की या पोरीला घेऊन इथून जायचं, आणि जायला ती एक खोली हवी.

नर्सिंगची जुनी नोंदणी नवी करून आणण्यात, दाखले काढण्यात महिना गेला. शेवटची तारीख होती खंडेनवमीची, संध्याकाळी पाचपर्यंत. अष्टमीच्या दुपारी सगळे कागद अपलोड झाले. फक्त फी भरायची आणि अर्ज पक्का करायचा राहिला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं म्हणून ती उठली, आणि ओट्यावर पडलेल्या तिच्या मोबाइलवर मेसेज आला: आपला अर्ज अपूर्ण आहे. तो प्रज्योतनं वाचला.

"नर्स व्हायचंय?" त्यानं मोबाइल पायरीवर ठेवला आणि पाट्यावरचा वरवंटा उचलला. "कुणाला सुया टोचायच्यात गो? नवरा मेलाय तुझा?" तीन घावांत मोबाइलचा चुरा झाला. चौथा त्यानं तिच्या पायाच्या दिशेनं सोडला, तो फरशीला लागला. फरशी तडकली. गिऱ्हाईक केव्हाच गेलं होतं.

काचा गोळा करताना तिनं सिम शोधून काढलं. सोनूबाईकडे बटणांचा फोन होता, दोन सिमचा, रात्रंदिवस कमरेला खोचलेला. "गिऱ्हाइकांचे फोन येतात, आई, ठेवा ह्ये पण," असं म्हणून तिनं ते त्यात घातलं. उद्या पुरुष बोकड कापायच्या नादात असतील, तेव्हा लॅपटॉपवर दहा मिनिटांत काम होईल असा तिचा हिशेब होता. नवमीच्या पूजेची आठवण तिला होती, पण ती नेहमी सकाळी आठनंतर व्हायची, आणि लॅपटॉप तीच नेऊन ठेवायची. न नेऊन ठेवला की झालं.

सकाळी शिवानीला आंघोळ घालून ती आत आली तर पाट मांडून झाला होता. यंदा नवा डंपर आला होता, म्हणून सोनूबाईनं पहाटेच उरकलं होतं. कोयता, विळी, बुधाजीचं मिठाचं फावडं, जॅक, पान्ह्यांची ओळ, बाजूला डंपरच्या नव्या ताडपत्रीची जाड घडी. मधोमध लॅपटॉप. झाकणावर हळदकुंकवाची पाच बोटं, वर झेंडू, अक्षता.

"आई, मना आज काम व्हतं त्याच्यावर."

"आज?" सोनूबाई उदबत्ती ओवाळत होती. "आज कोण काम करतो? तूच सांगतंस ना लोकांना, परवा या?"

तिचेच शब्द होते.

तिनं सोनूबाईच्या फोनवरून जवळच्या पोयनाडच्या तिन्ही सेंटरांना फोन लावले. दोन उचललेच नाहीत. तिसरा म्हणाला, "ताई, पूजा झाली. परवा या." दुसऱ्याचा मोबाइल मागून उपयोग नव्हता, ती साइट मोबाइलवर उघडतच नव्हती. मग शिडी लावून ती माळ्यावर चढली आणि उंदरांनी कुरतडलेल्या पोत्याखालून जुना डब्बा ओढून काढला.

अंगणात नव्या डंपरच्या पुढच्या चाकाला काळा बोकड बांधला होता. शिवानी त्याला फणसाची पानं चारत होती. प्रज्योत सकाळपासून प्यायला होता आणि खुशीत होता.

"काय गो, भंगार काढलास?"

"पोरीला गेम लावून देते. बोकड कापताना बघायला नको."

"बघू दे की. कोळशाला काय व्हतं रक्त बघून?" शिवानीला तो लाडानं कोळसा म्हणायचा.

डब्बा सुरू व्हायला पंधरा मिनिटं गेली. घरघर, थांबणं, पुन्हा घरघर. तिनं साइटचा पत्ता टाकला. पडद्यावर पांढरं पान आलं. त्रिकोण, आणि खाली ती ओळ. आपला ब्राउझर सपोर्टेड नाही. तिनं पान पुन्हा लावलं. पुन्हा तेच. नवा ब्राउझर उतरवून बघितला. अर्ध्यात येऊन त्यानं कळवलं की या संगणकावर तो चालणार नाही. दुसरा जुना एक होता, तो उघडून बघितला. पांढरं पान. शेकडो वेळा तिनं हे पान दुसऱ्यांना दाखवलं होतं आणि हात जोडले होते. आज ते तिला दाखवणारं कुणी नव्हतं, म्हणून तिनं कीबोर्डवर मूठ मारली. दोन बटणं उडाली. मूठ मारल्यावर बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची तिला शिसारी आली.

साडेतीनला अंगणातून हाका सुरू झाल्या. पाटावरची हत्यारं चालणार नव्हती म्हणून खाटकाचा सुरा मागून आणला होता. बुधाजीनं बोकडाचे मागचे पाय धरले. प्रज्योतनं पहिला वार केला तो चुकला. मान अर्धीच तुटली आणि बोकड ओरडला, माणसासारखा, लांब. बुधाजीच्या हातातून पाय सुटले. बोकड अर्ध्या मानेनिशी डंपरखाली शिरायला लागला. प्रज्योत शिव्या देत त्याच्यामागे वाकला, शिंगं धरून त्याला ओढलं आणि दुसरा, तिसरा, चौथा वार केला. रक्ताची चिळकांडी नंबरप्लेटवर गेली. लोक हसले. सोनूबाईनं तांब्या पुढे केला, रक्त धरलं आणि चारही टायरांना बोटं ओढली.

शिवानी ओट्याच्या खांबाला धरून उभी होती. तिच्या हातात अजून फणसाचं पान होतं. प्राप्ती धावत गेली आणि तिचं तोंड आपल्या पोटात दाबलं. पोर थरथरत नव्हती. ती अगदी गप्प होती, फडकं आणायला गेली होती तशीच.

प्राप्तीनं तिला आवडाबाईंच्या ओट्यावर बसवलं, परत आली, देवघरासमोर गेली आणि पाटावरून लॅपटॉप उचलला.

अक्षता फरशीवर सांडल्या. तेवढ्या आवाजानं सोनूबाई दारात आली, रक्ताचा तांब्या हातात. तिनं बघितलं. तांब्या ठेवला आणि काही न बोलता फळी चालवली. एक, दोन, तीन. प्राप्ती लॅपटॉप पोटाशी धरून खाली बसली, पाठ वाकवली. पाठीवर मांस असतं. चौथ्या फटक्याला सोनूबाईच्या तोंडून, सात वर्षांत पहिल्यांदाच मारताना, शब्द निघाला.

"ठेव! पोर मरल माझा! गाडीवर जातो त्यो, ठेव!"

ती खरोखर घाबरली होती. प्राप्तीला ते दिसलं. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती मारत होती.

ओरडणं ऐकून प्रज्योत आला. कोपरापर्यंत लाल. पाटावरची मोकळी जागा बघितली आणि त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं प्राप्तीचे केस धरून तिला उभं केलं. "मना मारायला बघतंस? गाडीखाली घालतंस मना?" पहिला फटका तोंडावर आला. केस धरलेले, वळता आलं नाही. ओठ दातांवर फाटला. दुसऱ्याला कान बधिर झाला. त्यानं तिच्या पोटात गुडघा घातला, हात सैल पडले, आणि लॅपटॉप त्याच्या उजव्या हातात गेला. त्यानं तो डोक्यावर उचलला. खाली उघडी फरशी होती.

प्राप्ती पाटावर आडवी पडली होती. तिच्या बोटांखाली जे आलं ते तिनं धरलं. कोयता. तो हातात आल्यावर तिला एकदम सगळं सावकाश दिसायला लागलं. तिनं मूठ फिरवली, धार आपल्याकडे, पाठ बाहेर. मनगटाच्या वर दोन बोटं. तिथे मांस नसतं.

सुकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. लॅपटॉप ताडपत्रीच्या घडीवर पडला. प्रज्योत हाताकडे बघत राहिला. हात मध्येच भलत्या ठिकाणी वाकला होता. मग तो खाली बसला आणि आईला हाक मारली. "आये. आये गं."

सोनूबाई पुढे आली. प्राप्तीनं कोयता फिरवला. आता धार बाहेर होती.

"तिकडं," ती म्हणाली. तोंडातून शब्दाबरोबर रक्त आलं. "भिंतीला."

दोघं भिंतीला टेकली. दारात बुधाजी येऊन उभा राहिला होता. आज तो टायरं बघायला गेला नाही. पण आतही आला नाही.

प्राप्ती समोरच्या कोपऱ्यात पाठ लावून बसली. कोयता उजव्या मांडीवर आडवा, लॅपटॉप डाव्या. झाकणावरचं कुंकू तिच्या हाताला लागलं, कीबोर्डवर उतरलं. चार वाजून अठरा मिनिटं. साइट उघडली. पांढरं पान नाही, पट्टी नाही, तिला सरळ आत घेतलं. नाव, नोंदणी क्रमांक, सगळं तिथे होतं, जसंच्या तसं. तिनं फीचं पान काढलं. कार्डाचे सोळा आकडे तिला हाडांसारखेच पाठ होते. डाव्या हाताच्या एका बोटानं टाकले, कारण उजवा कोयत्यावर होता. पडद्यावर गोल चकती फिरायला लागली आणि सोनूबाईच्या कमरेला फोन वाजला.

प्राप्तीनं डावा हात पुढे केला.

"फोन द्या, आई."

सोनूबाईनं कमरेवर हात ठेवला. "माझ्या पोराचा हात मोडलास तू."

"मोडला. दुसरा हाय अजून त्याला."

ती तसं करणार होती का, हे तिला स्वतःला पुढे कधी सांगता आलं नाही. सोनूबाईनं मात्र ते खरं धरलं. तिनं फोन काढला, हात जेवढा लांब करता येईल तेवढा केला, मारक्या बैलापुढे पेंढी धरतात तसा, आणि मान दुसरीकडे वळवली. ती दया नव्हती. भीती होती. प्राप्तीला ती चालली. ओटीपीचे सहा आकडे तिनं वाचले, टाकले.

चार वाजून एकतीस मिनिटांनी अर्ज क्रमांक आला. तिनं पेन शोधलं आणि तो डाव्या दंडावर लिहिला, निळ्या डागाशेजारी.

मग ती उठली, शिवानीच्या दप्तरातली लाकडी पट्टी आणि वेताची छडी घेतली, आपली ओढणी फाडली, आणि प्रज्योतसमोर बसून त्याचा हात बांधला. कोयता तिनं पायाखाली दाबून ठेवला होता. तो रडत होता आणि हात देत होता.

"पेणला फोटो काढायला जा," ती म्हणाली. "विचारलं तर सांग, जॅक पडला."

त्यानं तसंच सांगितलं. बायकोनं मनगट मोडलं हे सांगणारा पुरुष त्या गावात अजून जन्मायचा होता. म्हणून पोलीस आले नाहीत, आणि तिच्या भावांनाही कळलं नाही. मटण त्या दिवशी आवडाबाईंच्या चुलीवर शिजलं.

पुढचं वर्ष ती त्याच घरात राहिली, कारण जायला जागा नव्हती. प्रज्योतनं पुन्हा हात टाकला नाही. आधी प्लास्टर होतं, नंतर सवय मोडली, किंवा त्याला ती झोपेतही जागी वाटायची. सोनूबाई तिच्या हातचं पाणी प्यायची नाही. घरातल्या धारेच्या वस्तू एकेक करून कुठेतरी नाहीशा झाल्या. प्राप्ती भाजी चमच्यानं तोडायला शिकली. मार्गशीर्षात नवा डंपर कठड्याला घासला, बंपर चेपला, तेव्हा सोनूबाई सगळ्या गावात सांगत फिरली, बोलले व्हते की न्हाय? माणूस वाचलं हे कुणी धरलं नाही. पाणवठ्यावर बायका तिच्यासाठी जागा सोडायच्या, आणि ती जागा आदराची नव्हती हे तिला कळायचं. आवडाबाई तेवढ्या बोलायच्या. "मी पण उचलायला पायजे व्हता एकदा," त्या एकदा म्हणाल्या, आणि काय ते सांगितलं नाही.

परीक्षा झाली, यादी लागली, पुढच्या दिवाळीनंतर नेमणुकीचा कागद आला. उपकेंद्र पालीच्याही पुढे, डोंगराच्या पायथ्याचं गाव. निघायच्या सकाळी सोनूबाईनं शिवानीचा दंड धरला. "तू जा. पोर माझी हाय." एका बाजूनं ती ओढत होती, एका बाजूनं प्राप्ती. शिवानी मधे ताणली जात होती. शेवटी बुधाजीनं येऊन बायकोची बोटं एकेक करून सोडवली. बोटं सोडवताना त्याला तिनं दोन फटके दिले. ते त्यानं खाल्ले.

क्वार्टर म्हणजे एक खोली, एक मोरी आणि मागे पडलेलं कुंपण. प्राप्तीनं पहिल्या दिवशी दाराला आतून दोन कड्या लावून घेतल्या. गावात लसीकरण, बाळंतपणं, विंचवाचे दंश. बायका अंगावरचे डाग घेऊन यायच्या आणि पडले, धडकले, असं सांगायच्या. ती औषध लावायची आणि विचारायची नाही. दार बंद करून कागदावर आपला नंबर लिहून द्यायची.

आठवड्याभरानं नव्या शाळेच्या पहिल्या दिवशी तिनं शिवानीला पुढ्यात घेतलं. वेणी घालायची होती; त्या नवमीपासून पोरीची वेणी सोनूबाईच घालत आली होती. फणी घेऊन तिनं हात वर नेला, आणि शिवानीचा डावा खांदा पुढे आला, हनुवटी आत गेली, कोपर बरगड्यांना चिकटलं. डोळे मिटलेले. पोर वाट बघत होती.

प्राप्तीचा हात हवेतच राहिला. तिला आधी वाटलं, बापाची आठवण झाली असेल. मग शिवानीनं एक डोळा उघडून बघितलं ते हाताकडे. आईच्या उजव्या हाताकडे. आणि तिला कळलं की त्या दिवशी आवडाबाईंच्या ओट्यावरून खिडकीतलं सगळं दिसत होतं.

तिनं हात सावकाश खाली आणला. फणी मांडीवर ठेवली. बाहेर शाळेची पहिली घंटा झाली. जवळ घ्यावं म्हटलं तरी हात उचलावाच लागणार होता.

"शिवू," ती म्हणाली, "मी आता हात वर करणार हाय. हातात फणी हाय. केसांना लावणार, डाव्या बाजूनं. करू?"

शिवानीनं दुसराही डोळा उघडला.

"दाखव आधी," शिवानी म्हणाली.

तिनं दाखवली. दोन्ही बाजूंनी. मग तळहात उघडून दाखवला, मग दुसरा. शिवानीनं दोन्ही हात उलटसुलट करून नीट तपासले, आणि पाठ फिरवून बसली, पण खांदा तिनं अजून सैल सोडला नव्हता. दुसरी घंटा झाली तेव्हा प्राप्ती पहिल्या बटेचा गुंता सोडवत होती, आणि प्रत्येक वेळी हात उचलण्याआधी तसं सांगत होती.